वैयक्तिक लक्ष दिले जाईल

कर्जत स्टेशनाबाहेरच्या विजेच्या खांबांवर कागदांचा जाड थर चढलेला असतो. सगळ्यात वर 'डोंगराच्या कुशीत, नदीला लागून, क्लिअर टायटल' असे फार्महाऊसचे प्लॉट. त्याखाली मूळव्याधीवर बिनऑपरेशनचा इलाज. आणि या दोघांच्या मधून जेमतेम डोकं वर काढणारा माझा कागद : 'केमिस्ट्री. अकरावी, बारावी, सीईटी, नीट. घरी येऊन शिकवले जाईल. वैयक्तिक लक्ष दिले जाईल.'

प्लॉटवाल्याला मुंबईहून फोन येतात, मूळव्याधवाल्याला कुठूनही येतात. मला येतो तो आईचा. नेरळपासून मोहोपाड्यापर्यंत कुठलीही आई असो, पहिलं वाक्य ठरलेलं : "हुशार आहे हो तो, फक्त अभ्यास करत नाही." दुसरं वाक्य, "बाकी सगळं झालंय, केमिस्ट्रीच तेवढी राहिलीय." याच बाईंनी फिजिक्सच्या सरांना 'फिजिक्सच तेवढं राहिलंय' असं सांगितलेलं असतं. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण फिजिक्सचे सर आणि मी एकाच टपरीवर चहा पितो आणि आपापल्या वाट्याला आलेलं 'तेवढंच' ताडून बघतो.

तिसरं वाक्य मात्र प्रामाणिक असतं. "तुम्ही फक्त समोर बसा, सर." या वाक्यात सगळा व्यवहार आला. पालकांना रसायनशास्त्र विकत घ्यायचं नसतं. तासभर पोराच्या हातात मोबाइल नसेल, एवढं त्यांना हवं असतं. त्या तासात संयुजा समजली तर ती वरकड कमाई.

आता हे 'वैयक्तिक'. एक विद्यार्थी, एक शिक्षक, मध्ये एक टेबल, असं चित्र ज्याच्या डोळ्यांपुढे असेल त्याने आमच्या भागातलं घर पाहिलेलं नाही. टेबल असतं, पण त्याच्या अर्ध्या भागावर आजी तांदूळ निवडत असते. निवडून झाले तरी ती उठत नाही, कारण 'पोरगा शिकतोय का बघते'. वडील सोफ्यावर असतात. माझ्या सन्मानार्थ त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केलेला असतो, टीव्ही नाही. त्यामुळे मी आयनिक इक्विलिब्रियम समजावत असताना माझ्या पाठीमागे एक अँकर मूकपणे कोणावर तरी ओरडत असतो आणि विद्यार्थ्याचं सगळं वैयक्तिक लक्ष माझ्या खांद्यावरून पलीकडे असतं. धाकटा भाऊ दर दहा मिनिटांनी पाणी प्यायला येतो. एवढं पाणी पिणारं मूल मी दुसऱ्या कुठल्याही प्रसंगी पाहिलेलं नाही. शेजारच्या काकू 'सहज' डोकावतात आणि जाताना दारातूनच विचारतात, "आमच्या सोनूला पण बसवलं तर चालेल का, तो नुसता ऐकेल."

बेंजामिन ब्लूम नावाच्या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८४ साली एक निबंध लिहून जगभरच्या शाळांची झोप उडवली होती. एकेकट्याला नीट शिकवलं, तर त्यातला सर्वसाधारण मुलगासुद्धा भरलेल्या वर्गातल्या शंभरांतल्या अठ्ठ्याण्णवांच्या पुढे जातो, असं त्याच्या प्रयोगांत दिसलं. मग त्याने रास्त प्रश्न टाकला : हे इतकं गुणकारी आहे खरं, पण प्रत्येक पोरामागे एक मास्तर समाजाला परवडायचा कसा? खर्चाचा हिशेब त्याने मांडला, पण घरात आत्या असते, ती मात्र त्याच्या हिशेबात कुठे दिसत नाही.

आत्या हा वेगळाच विषय आहे. एका घरी मी अॅसिटोनला पुस्तकात प्रोपॅनोन का म्हणतात, हे सांगत होतो. आमच्याकडे घरात ज्याला सगळे बाळ्या म्हणतात त्याचं आधार कार्डावर भलतंच भारदस्त नाव असतं, तसं समज, इतकं सोपं करून सांगितलं. मुलाला पटलं. आत्याला पटलं नाही. "मग हाक मारायची कुठल्या नावाने?" तिने विचारलं. मी म्हणालो, प्रयोगशाळेत अॅसिटोन, पेपरात प्रोपॅनोन. "म्हणजे नेलपॉलिश काढायचं ते?" "तेच." त्यानंतर त्या घरात केमिस्ट्रीला मान मिळाला. मुलगा नापास होईना का, सरांना नेलपॉलिशमधलं कळतं.

ही एकट्यादुकट्याला रसायन शिकवायची रीत काही आमच्या खांबावर जन्मली नाही. लंडनमध्ये १८०६ साली जेन मार्सेट या बाईंचं एक पुस्तक आलं. त्यात एक मिसेस बी. नावाच्या बाई कॅरोलिन आणि एमिली या दोन मुलींना गप्पा मारत रसायनशास्त्र शिकवतात. पुस्तक तुफान खपलं. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या एका गरीब पोराच्या हाती ते पडलं आणि त्याला या विषयाचं वेड लागलं. तो पोरगा म्हणजे मायकेल फॅरडे. पुढे १८२५ साली त्याने दिव्यांच्या गॅसच्या तेलकट गाळातून बेंझीन वेगळं काढलं, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या डोक्याला जो षटकोन कायमचा लागला, त्याची सुरुवात तिथून झाली. मिसेस बी. यांची एक गोष्ट मला फार हेवा वाटण्यासारखी आहे. त्यांच्या दोन्ही विद्यार्थिनी स्वतःहून प्रश्न विचारतात. शिवाय सोफ्यावर वडील बसलेले नाहीत.

माझे विद्यार्थी प्रश्न विचारत नाहीत, कारण माझ्यापर्यंत पोचेतो ते थकलेले असतात. कॉलेज असतं. कॉलेजात न जाताही कॉलेजात असल्याची सोय काही ठिकाणी असते, तिला इंटिग्रेटेड म्हणतात. सरकारने २०१८ साली विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा फतवा काढला तो याच आजारावर. मग कल्याणचा नाहीतर पनवेलचा क्लास असतो. क्लासात जे कळलं नाही ते यूट्यूबवरचे सर सांगतात. यूट्यूबवरच्या सरांचं जे कळलं नाही त्यासाठी मी असतो. आणि हल्ली माझं जे पटलं नाही ते मुलं माझ्या देखतच मोबाइलमधल्या एआयला विचारतात. तो फार अदबीने माझ्याशी असहमत होतो. एकूण पाच जण एका मुलाला मोलॅरिटी शिकवत असतात आणि मुलगा पाचही जणांकडे एकाच नजरेने बघतो.

क्लासला जाणारी पोरं लोकलने जातात, आणि कर्जतच्या पोरांचं एक शास्त्र आहे. गाडी कर्जतहून सुटते, त्यामुळे जाताना बसायला जागा मिळते. येताना संध्याकाळी कल्याणला दारात उभं राहायला मिळालं तरी नशीब. परिणामी जाताना जे धडे वाचले जातात ते पक्के आणि येतानाचे कच्चे. सॉलिड स्टेट जाताना झालेलं असतं, म्हणून उत्तम येतं. सोल्युशन्स येताना, बदलापूरच्या पुढे गर्दी ओसरल्यावर, म्हणजे निम्मं. कुठला मुलगा कुठे कच्चा आहे हे शोधायला लोक चाचणी घेतात. मी टाइमटेबल विचारतो.

खोपोलीच्या पोरांची तऱ्हा वेगळी. कर्जतहून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीला जाणारा हा फाटा १८५६ सालचा आहे. घाट फोडून गाडी पुण्याकडे चढली त्याच्याही आधीचा. तेव्हा खोपोलीला उतरून माणसं पालखीत नाहीतर बैलगाडीत बसून घाट चढत. आज खोपोली गाडी एक चुकली की दुसरीची वाट बघताना फलाटावर एक अख्खा धडा वाचून होतो. माझे खोपोलीचे विद्यार्थी केमिकल कायनेटिक्समध्ये पक्के असतात ते या फाट्याच्या कृपेने. अभिक्रियेचा वेग मंद का असतो, हे त्यांना निराळं सांगावं लागत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. खालापूर तालुक्यात रसायनी नावाचं गाव आहे आणि तिथली मुलं रसायनशास्त्रात गटांगळ्या खातात, ही कोटी या भागातला प्रत्येक मास्तर, प्रत्येक मामा आणि सत्काराला आलेला प्रत्येक पाहुणा करतो. मीही एकदा केली, उरकून टाकली. पण त्यामागचं वास्तव कोटीपेक्षा जास्त मजेदार आहे. बारावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक उघडा आणि मोहोपाड्याच्या नाक्यावर उभे राहा. हॅलोजन डेरिव्हेटिव्हजच्या धड्यात डीडीटी आहे. ती हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्सच्या इथल्या कारखान्यात बनत असे. पॉलिमरच्या धड्यात टेरेफ्थॅलिक आम्ल आणि ग्लायकॉल जोडून पॉलिएस्टर बनवायचंय. ते रिलायन्सने पाताळगंगेकाठी १९८२ पासून बनवायला घेतलं, आणि जुलै १९८९ च्या पुरात पाताळगंगा सगळा कारखाना बघायला आत जाऊन आली. अमाइन्सच्या धड्यात नायट्रोबेंझीनचं अॅनिलिन करायचंय. ते हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स, म्हणजे आमच्या भाषेत एचओसी. १९६० साली स्थापन झालेली सरकारी कंपनी. आणि अकरावीत समतोलाच्या धड्यात जो बिनरंगी वायू तापवला की तपकिरी होतो आणि गार केला की पुन्हा फिका, तो डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडसुद्धा एचओसीत बनायचा आणि इस्रोच्या रॉकेटांसाठी जायचा. २०१७ साली केंद्र सरकारने रसायनीतले बाकीचे प्लांट गुंडाळायचं ठरवलं, तेव्हा हा एवढाच वाचवून इस्रोकडे द्यायचा निर्णय झाला.

म्हणजे बालभारतीने पुस्तक लिहिताना आमच्या तालुक्याची पाहणी करून धडे पाडले की काय, अशी शंका यावी. सोळावा आणि शेवटचा धडा ग्रीन केमिस्ट्रीचा. तो शिकवायची वेळ येते तोवर फेब्रुवारी उजाडलेला असतो, म्हणून तो सगळेच ऑप्शनला टाकतात. नदीकाठच्या तालुक्याने हा धडा ऑप्शनला टाकणं हेही पाहणीला धरूनच आहे.

रॉकेटची गोष्ट मी प्रत्येक घरी सांगतो, कारण त्यावर टीव्हीवरची नजर हमखास माझ्याकडे वळते. चांद्रयान-३ ज्या रॉकेटातून गेलं त्याच्या द्रव इंधनाच्या टप्प्यात हाच ऑक्सिडीकारक असतो, असं म्हटलं की सोफ्यावरचे वडील सावरून बसतात. एक जण तर म्हणाले, "मग सर, पोराला इस्रोत टाकायचं म्हटलं तर फॉर्म कुठे मिळेल?" पोरगा तेव्हा इक्विलिब्रियम कॉन्स्टंटचं एकक काढताना रडकुंडीला आला होता.

पण मोहोपाड्यातल्या एका घरी या गोष्टीचा काडीइतकाही परिणाम झाला नाही. तिथे आजोबा होते. एचओसीतून निवृत्त झालेले, ऑपरेटर. मी दर आठवड्याला तिथे एका मुलीला शिकवायला जायचो. आजोबा दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत असत आणि बरेच दिवस त्यांनी माझ्याकडे साफ दुर्लक्ष केलं. मी रॉकेट सुटेपर्यंत सगळं सांगून बघितलं. सुपारी चालूच. ज्या दिवशी मी अमाइन्स काढलं त्या दिवशी अडकित्ता थांबला.

"अॅनिलिन शिकवताय?"

"हो आजोबा."

"कशापासनं?"

"नायट्रोबेंझीनपासून. टिन आणि हायड्रोक्लोरिक आम्ल."

आजोबांनी सुपारी डबीत ठेवली. "टिन?" ते म्हणाले. "एवढं टिन आणायचं कुठनं?"

"पुस्तकात लोखंडही दिलंय. आणि उत्प्रेरकावर हायड्रोजनही दिलाय."

"मग ते आधी सांगा की. आम्ही काय कथलाची भांडी वितळवत होतो?"

मुलीने वहीतून पहिल्यांदाच मान वर केली. आजोबांनी खुर्ची पुढे ओढली. मग तासभर मला कुणी विचारलं नाही. शिफ्टच्या सुरुवातीला गेज कसे वाचायचे, कुठल्या पाइपाला हात लावायचा नाही, नवा पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी काय दाखवायचं. "ओठांकडे बघायचं," आजोबा म्हणाले. "अॅनिलिन अंगावर उडालं आणि ओठ निळसर दिसले, की आधी कपडे काढायला लावायचे, शॉवरखाली उभा करायचा आणि मग दवाखान्यात न्यायचा. पोरगा म्हणतो मला काही होत नाही. त्याला होत नसतं, ओठांना होत असतं."

"म्हणजे ते कातडीतून आत जातं?" मुलीने विचारलं.

मी संधी साधून मध्ये घुसलो आणि हिमोग्लोबिनमधलं लोह कसं बिघडतं, मग ते ऑक्सिजन कसं धरत नाही, हे सांगितलं. आजोबांनी मान डोलावली. माझी नोकरी पक्की झाल्यासारखं वाटलं. पण मुलगी बारावीची होती. ती म्हणाली, "आजोबा, हे सगळं ठीक आहे. पेपरात काय टिक करायचं?"

"पेपरात?" आजोबा म्हणाले. "आम्ही शिफ्ट संपली की लॉगबुकात सही करायचो. टिक कसली?"

टिक कसली, हेच तर माझं दुकान आहे. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. आजोबांच्या नव्या पोराला पहिल्या दिवशी पाइप दाखवायला लागायचा त्याहून कमी वेळात इथे आख्खं अॅनिलिन तयार करून बाजूला ठेवायचं असतं. चुकलं तर मार्क कापत नाहीत, म्हणून अंदाजपंचे ठोकायला हरकत नाही, हे मी शिकवतो. नीटमध्ये कापतात, म्हणून ठोकायचं नाही, हेही मीच शिकवतो. दोन्ही देणाऱ्या मुलाला मी एकाच संध्याकाळी धाडस आणि संयम या दोन्ही गुणांचं महत्त्व पटवून देतो, आणि मधल्या वेळात त्याची आई पोहे आणते.

पोह्यांचं सांगतो. घरोघरी जाणाऱ्या मास्तरची खरी फी पोटात जमा होते. चहा तर तासाला एक. नाही म्हटलं तर 'सर आमच्याकडचं घेत नाहीत' अशी गावभर वार्ता, हो म्हटलं तर रात्री झोप नाही. स्टेशनजवळच्या घरी दिवाडकरांचा वडा येतो. त्याला नाही म्हणण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही. रोख फीबाबत वाटाघाटी करताना वडील एक हुकमी प्रश्न टाकतात : "तासाला घेता की चॅप्टरला?" चॅप्टरला म्हणालो तर तास वाढतात, तासाला म्हणालो तर चॅप्टर. एकांनी महिन्याचे ठरवून घेतले आणि तीन महिन्यांनी दिवाळी झाल्यावर शेतावरचा नवा तांदूळ पाठवला. कर्जत-३, इथल्याच संशोधन केंद्राचं वाण. तांदूळ उत्तम होता. हिशेब जुळेना, पण भात मऊ झाला.

थंडीत खालापूरकडच्या एका घरी शिकवणीनंतर पोपटीला थांबवून घेतलं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, खडेमीठ, ओवा, वर पुन्हा पाला. मडक्याचं तोंड पाल्याने घट्ट बंद करायचं, ते शेतात पालथं ठेवायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही. शेकोटीभोवती पंधरा-वीस माणसं, त्यात माझा विद्यार्थी. त्याच्या काकांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "काय सर, पाणी नाही घातलं, मग शिजतं कसं, केमिस्ट्रीत काय म्हणतात?" मी विद्यार्थ्याकडे बघितलं. ही त्याची संधी होती. शेंगांतलंच पाणी, त्याची वाफ, बंद भांडं, सगळं आम्ही करून घेतलं होतं. पोराने जाळाकडे बघत शांतपणे विचारलं, "सर, ऑप्शन काय काय आहेत?"

पावसाळ्यात दुचाकीवरून जाणं हा वेगळा खटाटोप, त्यावर बोलत नाही. शनिवार-रविवारी तर रस्ता फार्महाऊसवाल्यांच्या गाड्यांनी भरलेला. एवढंच म्हणतो की लाइट जाते. टाटांनी लोणावळ्याचं पाणी डोंगरावरून खोपोलीत उतरवून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. तेव्हापासून आम्ही मुंबईला उजेड पुरवतो आणि इथे जुलैत इलेक्ट्रोकेमिस्ट्री मोबाइलच्या टॉर्चवर होते. धड्यातली बॅटरी आणि मोबाइलची बॅटरी दोन्ही एकदमच संपतात. त्या वेळी अंधारात आजीचा आवाज येतो, "झालं का रे शिकून?"

निकाल लागतो तेव्हा खरी गंमत. सीईटी बऱ्याच पाळ्यांत होते, म्हणून मार्कांऐवजी पर्सेंटाइल देतात, तेही दशांश चिन्हानंतर सात आकडे. क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ वर भागवणाऱ्या पोराचं नशीब सात दशांशांपर्यंत मोजलं जातं. वडील ते पर्सेंटाइल टक्के म्हणून नातेवाइकांना कळवतात. नव्वद पर्सेंटाइल म्हणजे नव्वद टक्के नव्हेत, हे मी एकदा एका घरात समजावून सांगायला गेलो. मिठाईचा पुडा माझ्या हातात होता तो त्या घरच्या सासूबाईंनी काढून घेतला. तेव्हापासून मी पुडा संपेपर्यंत काही समजावत नाही.

आणि मग प्रवेश. माझ्याकडे शिकलेली पोरं बहुतेक सगळी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जातात, काही आयटीला. ज्याला म्हणून केमिस्ट्री बरी जमली, त्याला ती कायमची सोडता आली. ज्याला जमली नाही, तो बी.एस्सी.ला जातो आणि केमिस्ट्री घेतो. म्हणजे माझ्या यशाचा पुरावा केमिस्ट्रीच्या आसपास कुठेच सापडत नाही. फिजिक्सचे सर म्हणतात, त्यांचंही तेच.

मोहोपाड्याची ती मुलगीही कॉम्प्युटरला गेली. वह्या रद्दीत द्यायला काढल्या तेव्हा आजोबांनी अमाइन्सची तेवढी बाजूला ठेवली. ऑगस्ट संपता संपता तिचा फोन आला. आवाजात दगाफटका झाल्याची भावना होती.

"सर, इथे पण आहे."

"काय?"

"इंजिनिअरिंग केमिस्ट्री. पहिल्याच वर्षाला. आधी कुणी सांगितलं नाही."

मला माहीत होतं, पण ही बातमी मी कधी आधी सांगत नाही. मी विचारलं, काय काय आहे. पाण्याचा कठीणपणा, गंजणं, पॉलिमर. ती शनिवारी घरी येणार होती, शनिवारी जमेल का, असं तिने विचारलं. जमवतो म्हणालो. फीचं तिच्या आईशी बोलायचं ठरलं.

शनिवारी गेलो तर टेबलावर तांदूळ नव्हते आणि टीव्ही खरोखर बंद होता. माझ्या जागी आजोबा बसले होते. पुढ्यात मुलीची नवी वही, त्यावर पेन्सिलीने काढलेला बॉयलर, आणि बॉयलरच्या आतल्या भिंतीवर चुन्याचा जाड थर.

"या सर," आजोबा म्हणाले. "बसा. कठीण पाण्याने ट्यूबा कशा जातात ते सांगतोय. तुम्ही पण ऐका." मुलीकडे वळून ते म्हणाले, "सरांना खुर्ची दे गं. आणि आईला सांग, चहा तीन."